दोन जूनचं लग्न

आमच्या मुरबाड भागात जूनमध्ये कोणी लग्न धरत नाही. मे संपत आला की कौलं चाळायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेला असतो, बियाणं काढून ठेवलेलं असतं, माणसाला मान वर करायला फुरसत नसते. अशा दिवसांत मांडव घालणार कोण आणि पंगतीला बसणार कोण? म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा बाप उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्रिका घेऊन मुरबाडला माझ्या घरी आला आणि मी तिच्यावर ‘दोन जून’ वाचलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, “काय हो, जूनात मांडव? वऱ्हाडाला चिखलात बसवून जेवायला घालणार का?”

तो हसला नाही. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “एक तारखेला तिचं अठरा भरतंय ना बाई. तुमीच सांगितलंत. कायद्याच्या भायेर जाऊन आमाला काय करायचं नाय. म्हणून एक दिस सोडून दोन तारीख धरली.”

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. तो मी त्याच्यापुढे ठेवला. तो पाणी प्यायला, “यायचं हां बाई, नक्की,” म्हणाला आणि गेला. मी पत्रिका धरून दारातच उभी राहिले. त्या मुलीला अठरा पूर्ण होत नव्हती. तिला सोळासुद्धा पूर्ण व्हायला अजून महिना-दीड महिना होता. त्या घराबाहेर ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती, कारण तिच्या वयातली दोन वर्षं मी माझ्या हाताने वाढवली होती.

मी मूळची शहापूरकडची. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई म्हणून मुरबाड तालुक्यात लागले. वैशाखऱ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडायचा आणि आत तासभर चालायचं. दोन खोल्या, दोन शिक्षक. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. गावात पाठीमागे मला मिरची म्हणत, आणि मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी मी, कोणाच्याही ओट्यावर जाऊन विचारायचे, “मुलगा शाळेत आणि मुलगी कुठं? गुरांमागं? का हो, तिला काय डोकं नाही दिलं देवानं?” बायका पदराआड हसायच्या. पुरुष म्हणायचे, बाई नवीन हाय, दमंल.

मी दमले नाही. पण मुलींना आणायची म्हणजे एक अडचण कायमची. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की तिच्या कडेवर धाकटं भावंड येतं. आई शेतावर, मजुरीला, आणि हिच्या कंबरेला ते पोर. एकदा पोर कडेवर आलं की मुलगी संपली. मग दहाव्या वर्षी तिला पहिलीत आणून बसवलं तरी ती लाजून पळते. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला होता: कडेवर भाऊ यायच्या आत मुलगी पटावर आली पाहिजे. मोठी शहाणी होते ना मी.

त्या वेळी आमच्याकडे पोरांची खरी जन्मतारीख कोणाची म्हणून कोणाची नसायची. बाळंतपण घरात, नोंद करायला ग्रामपंचायतीत जातो कोण? नाव घालायला पोर आलं की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला तर सहा पूर्ण. मग त्या हिशेबाने साल लिहायचं आणि तारीख सगळ्यांची एकच, एक जून. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात अख्खं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही.

ही मुलगी आईचा पदर धरून आली ती शाळा उघडल्या उघडल्या. आईला सातवा महिना होता, हे लुगड्यातूनही दिसत होतं. मी विचारलं, किती वर्षांची? आई म्हणाली, “म्हशाच्या जत्रंत आमी पांढरा बैल आनला नाय का, त्याच पावसाळ्यात ही झाली, भाताची लावनी चालली व्हती. बैलाला चार पावसाळे झाले आमच्याकडं. आता ह्यो पाचवा.” म्हशाची गुरांची जत्रा भरते पौषात, म्हणजे मुलीला चारसुद्धा पूर्ण नाहीत. पुढच्या वर्षी हिच्या कडेवर भाऊ असणार, हे मला समोर दिसत होतं. मुलगी मात्र फळ्याकडे टक लावून उभी होती. मी खडू दिला तर तिने जमिनीवर बसकण मारून फळ्यावरचा ‘ग’ जसाच्या तसा काढला. उलटा नाही, तिरका नाही.

मी म्हटलं, हात लाव गं कानाला. तिने हात डोक्यावरून टाकला. बोटांची टोकं कानाच्या तीन बोटं वरच राहिली. ती जोर करत होती, जीभ दाताखाली धरून. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि मान जराशी वाकवली. कान हाताला लागला. ती माझ्याकडे बघून खूष झाली. हेडमास्तर दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारत होते, “पट किती झाला?” मी पेन उघडलं आणि तिला सहा वर्षांची केली. आईने ते पाहिलं. ती म्हणाली, “लई मोटी केलीत बाई.” मी म्हटलं, “गप बसा हो, शाळेत बसू दे तिला.” ती गप बसली.

शाळेत मुलगी अशी चालली की मीच मला शाबासकी देत होते. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून कायम पहिल्या रांगेत. तिसरीत तिचे दुधाचे दात पडायला लागले. बाकीच्यांचे पहिलीत पडून कधीच नवे आले होते, आणि ही पाढे म्हणताना तोंडावर हात धरायची. मी हसून म्हणायचे, काय गं, तुझे दातसुद्धा उशिरा उठतात का? कोणी काही म्हटलं नाही. आई एकदा शाळेच्या दारात उभी होती, ती मात्र माझ्याकडे बघत राहिली होती. मी दुसरीकडे बघितलं.

शाळा पुढे सातवीपर्यंत वाढली, आणि ती पाचवी-सहावीत असताना मी शनिवारची मुलींची बैठक सुरू केली. सकाळची शाळा सुटली की मोठ्या मुलींना थांबवायचं, शाळा सोडलेल्याही यायच्या. पाळी, पोट, अंगावर हात टाकणारे नातेवाईक, सगळं बोलायचे मी. आणि कायदा. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे मी त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. मी त्यांना सांगायचे, “घरचे बोलणी करायला लागले की रडत बसू नका. दाखला पुढं करा. शाळेचा दाखला हा सरकारी कागद आहे, त्याच्यापुढं तुमच्या बापाचं काय, पाटलाचंही चालत नाही.” मुली मान हलवायच्या. ही पुढे बसून वहीत लिहून घ्यायची.

आणि ते चाललंही. शेजारच्या पाड्यावरच्या एका मुलीचं चौदाव्या वर्षी ठरलं होतं. मी, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक असे तिघे दाखला घेऊन गेलो. हळद वाटून तयार होती. पोलीस पाटलांनी कागद वाचून दाखवला, वऱ्हाड आलं तसं परत गेलं. त्या पाड्यावर मला वर्षभर कोणी पाणी विचारलं नाही, पण मुलगी शाळेत आली. मग आणखी एक थांबलं, मग आणखी एक. माझा आवाज चढला. आता गावात माणसं लग्नाचं नाव काढायच्या आधी एकमेकांना विचारायला लागली, “पोरीचा दाखला काय म्हनतोय?” मला वाटायचं, केवढा बदल घडवला मी. माणसं कायदा शिकली.

ती काय शिकली, ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. मी घसा फोडून सांगत होते की अठराच्या आत नाही. गावाने त्यातून धरलं ते असं, की अठरा झालं की झालं, आता बाई मधे पडणार नाही. पूर्वी घरात कोणी आजी तरी म्हणायची, पोर अजून लहान हाय, आंगानं भरू द्या. आता कोणी पोरीकडे बघतच नव्हतं. सगळे कागदाकडे बघत होते. मधून मधून बाप लोक शाळेत यायचे, बाहेर चपला काढून, अगदी मर्यादेने विचारायचे, हिचं अठरा कधी भरतंय बाई? मी रजिस्टर काढून सांगायचे. त्यांनी शाळेत येऊन विचारलं याचाच मला आनंद.

असाच हिचा बाप आला होता. म्हशाच्या जत्रेहून परत जाताना, खांद्यावर नवी घोंगडी. मुलगी तेव्हा मुरबाडला बारावीत होती, एसटीने जाऊन-येऊन. मी म्हटलं, पोरगी नाव काढणार हं तुमची, डीएड करा तिला, बाई होऊ दे. तो म्हणाला, करू की. मग म्हणाला, “हिचं अठरा कधी भरतंय?” माझ्यापुढे बाकीची कामं होती. मी पान उलटलं, बोट फिरवलं आणि सांगितलं, येत्या एक जूनला. त्याने बोटांवर महिने मोजले, मोजताना त्याचे ओठ हलत होते. घोंगडी सारखी केली आणि गेला. ते साल मीच वाढवलेलं आहे हे त्या वेळी माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. इतकी वर्षं ते शाईत होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पत्रिका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतः आली. दहाच्या एसटीने, घामाघूम, केस बसने विस्कटलेले. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. डीएडचा फॉर्म मी आधीच ठाण्याहून आणून ठेवला होता, तिच्यासाठी. ती खाली बसली आणि म्हणाली, “बाई, मला नाय जायचं. पन मी काय बोलू? तुमीच शिकवलंत, अठराच्या आत नाय. आता अठरा भरतंयच ना माझं.”

मुलगा कसाऱ्याकडचा, रेल्वेच्या कंत्राटावर कामाला, तिशीला टेकलेला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आणि घरची शेती होती. लावणीच्या आत घरात दोन हात यायला हवेत म्हणून एवढी घाई, हे तिनेच सांगितलं. अगदी शांतपणे सांगत होती. मी तिच्या मनगटाकडे बघत होते. बांगडी कोपरापर्यंत वर सरकेल असं ते मनगट. आता मला ती जशी होती तशी दिसत होती. इतकी वर्षं मी तिला रजिस्टरातल्या वयाने बघत होते.

मी सांगून टाकलं. कान, मान, पेन, सगळं. मी म्हटलं, “तुला सोळाही नाहीत गं. पंधरा सरतंय तुझं.” मग तिने सावकाश आपला हात डोक्यावरून घेऊन कानाला लावला. आता तो मानेपर्यंत जात होता. आणि ती हसली, म्हणजे मला वाटलं ती रडेल, पण ती हसली. “मंग झालंच की बाई,” ती म्हणाली. “मी लहान हाय. आता थांबंल. तुमी लिवून द्याल ना?”

मी म्हटलं, “देते.”

तिने परत विचारलं, “नक्की ना बाई?”

मी तिला ओरडले सुद्धा. “एकदा सांगितलं ना. जा घरी, आईला सांग.” ती गेली. स्टँड माझ्या घरासमोरच, एसटी लागेपर्यंत मी खिडकीतून बघत होते, ती वळून हात हलवत होती.

तिची आई मला गावात भेटली ती घराच्या मागे. कोणी ऐकू नये म्हणून ती गोवऱ्या रचता रचता बोलत होती. म्हणाली, “तुमी वाडवली आन मी गप ऱ्हायले. आता मी गप नाय ऱ्हानार. पन माझं कोन आयकतं बाई, मी आंगठा. तुमी लिवा, मी तुमच्या मागं उभी ऱ्हाते.” मग तिने कमरेची चंची सोडली आणि त्यातून घडीवर घडी घातलेला कागद काढला. म्हशाच्या जत्रेतली बैलाची पावती. त्यावर साल होतं, तारीख होती, बैलाचा रंग होता, शिंगं कशी ते होतं. तो बैल कोणत्या दिवशी त्यांच्या दावणीला आला याचा खरा कागद त्या घरात होता. त्याच पावसाळ्यात झालेल्या मुलीचा कागद होता तो माझा.

आम्ही पोलीस पाटलांच्या ओट्यावर बसलो. ऊन मी म्हणत होतं. पोलीस पाटील चांगला माणूस, आधीची लग्नं थांबवताना तोच माझ्याबरोबर होता. मुलीचा बाप खांबाला टेकून, आई दाराच्या आत. मी सगळं तोंडी सांगितलं, काही लपवलं नाही. बाप ऐकून घेत होता. त्याला राग आलेला दिसत नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. माझं संपल्यावर तो म्हणाला, “म्हंजे तवा खोटं लिवलंत आन आता खरं बोलताय? का तवा खरं लिवलंत आन आता खोटं? आमी अडानी मानसं. आमाला तुमीच शिकवलंत, कागद बघा म्हनून. आमी कागद बघितला.”

आईने आतून पावती पुढे सरकवली. त्याने ती उचललीही नाही. “बैल मेला,” तो म्हणाला. “आन ह्यो कागद बैलाचा हाय, पोरीचा नाय.” मग माझ्याकडे वळून, तितक्याच हळू आवाजात, “त्या पाड्यावरच्या पोरीचं लगीन तुमी मोडलंत ते ह्याच वहीतनं ना बाई? मंग ते बी खोटं व्हतं का? त्यांना सांगायला पायजे.”

पोलीस पाटलांनी त्याला हाताने गप्प केलं. आतून एक कोरा कागद आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, “बाई, तोंडी नको. चार ओळी लेखी द्या की वय मीच चुकीचं घातलं. मी आत्ताच्या आत्ता तालुक्याला जातो आन लग्न थांबवतो. बैलाची पावती जोडू. आईची जबानी घेऊ. पन तुमचं लेखी पायजे.”

मी पेन घेतलं. ‘मी खाली सही करणारी’ एवढं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, मोत्यासारखं म्हणतात, तसंच आलं. मग पुढचा शब्द येईना. मला आमचं तालुक्याचं ऑफिस दिसायला लागलं, चौकशी, निलंबन, सरकारी रजिस्टरात खोटी नोंद केली म्हणून वर्तमानपत्रात दोन ओळी. माझी धाकटी दुसरीत होती, घर माझ्या पगारावर. मी मनाशी म्हणाले, माझ्या हातच्या वाढवलेल्या आणखी पोरी त्या रजिस्टरात आहेत, हा एक धागा ओढला की सगळ्यांचे दाखले खोटे ठरतील, थांबवलेली लग्नं परत उभी राहतील. हे खरंच होतं. पण मी थांबले ते त्यासाठी नाही. मी घाबरले होते. बाकीच्या पोरींची नावं मी आडोशाला घेतली.

मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, “घरी नीट विचार करून लिहिते. उद्या आणून देते.” दाराच्या आत बांगड्या वाजल्या आणि पावलं आत गेली. बापाने टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आहे म्हणून अंथरूण धरलं, आणि कणकण नव्हती. रोज सकाळी दहाची एसटी स्टँडवर लागली की मी आतल्या खोलीत जायचे. मुलीने कोणाबरोबर तरी दोनदा निरोप पाठवून विचारलं, बाईंचं लिहून झालं का? मी दोन्ही वेळा सांगितलं, होतंय म्हणावं. माझ्यासारखी तोंडाळ बाई, जिने अर्धा तालुका दटावला, तिला चार ओळी लिहिता येत नव्हत्या. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

दोन जूनला मी लग्नाला गेले. का गेले ते मला आजही सांगता येत नाही. आभाळ भरून आलेलं, वारा पूर्ण बंद, मांडवावर टाकलेली जांभळीची पानं तशीच लोंबत होती. बापाने मला लांबून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, “बाईंना खुर्ची द्या रे. म्होरं द्या. बाईंच्यामुळं सगळं कायद्यात झालं.” मला पहिल्या रांगेत बसवलं. मुंडावळ्यांखाली ती इतकी लहान दिसत होती की पलीकडच्या वऱ्हाडातली एक म्हातारी कुजबुजली, नवरी कुटं हाय, ही तर करवली. कोणीतरी तिला सांगितलं, अठरा पूर्ण हायत, दाखला हाय. म्हातारी गप्प झाली. अक्षता टाकताना मुलीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिथे राग नव्हता. ती माझी वाट बघत होती, अजूनही, मंगलाष्टकं चालू असताना.

आठवड्याभरात बारावीचा निकाल लागला. ती पहिल्या वर्गात पास झाली. डीएडचा फॉर्म माझ्या कपाटात साड्यांखाली पडून राहिला. शनिवारची बैठक मी सहा महिने घेतली नाही. नंतर घेतली, पण दाखला पुढं करा हे वाक्य माझ्या तोंडून परत निघालं नाही. पावसाळ्यानंतर तिची आई एकदा मुरबाडच्या बाजारात समोर आली, भाजीची पाटी डोक्यावर. मी थांबले. ती थांबली नाही. पुढच्या वर्षी कानावर आलं, पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं आणि ती थोडक्यात वाचली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी म्हणे वय विचारलं, तर नवऱ्याने दाखला दाखवला.

नंतर माझी बदली शहापूर तालुक्यात झाली, कसाऱ्याच्या अलीकडच्या एका शाळेवर. ती त्याच बाजूला दिली आहे हे मला ठाऊक होतं. चालता-फिरता मी बायकांच्या तोंडाकडे बघायचे आणि दिसू नये असंही वाटायचं.

तिच्या लग्नानंतर सातव्या वर्षी, शाळा उघडली त्या आठवड्यात ती दारात आली. मी लगेच ओळखलं नाही. अंगाने वाळलेली, गालफडं बसलेली, कडेवर वर्षभराचा मुलगा. पदर धरून एक मुलगी. मुलगी फळ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मी ओळखलं. मग आईकडे पाहिलं.

ती म्हणाली, “नाव घालायचंय.” मला ‘बाई’ म्हणाली नाही. मी जनरल रजिस्टर ओढलं. विचारलं, “किती वर्षांची?” ती म्हणाली, “साडेचार.” आणि माझी जीभ, ही माझी मेली जीभ, सवयीने बोलून गेली, “असू दे. बसू दे मागं. घेते मी आत.” पेनचं टोपण मी काढलंही होतं.

तिने रजिस्टरावर तळहात ठेवला. पानावर, जिथे मी लिहिणार होते तिथे. मग मुलीला पुढे ओढून म्हणाली, “हात लाव गं कानाला.” असं वय बघायची पद्धत आता कोणी वापरत नव्हतं. मुलीने हात डोक्यावरून टाकला. जीभ दाताखाली धरून जोर करायला लागली आणि तिची मान आपोआप कलायला लागली. आईने मुलाला एका हाताने सावरलं आणि दुसरा हात मुलीच्या मानेला लावून मान सरळ केली. तशीच धरून ठेवली. बोटं कानाच्या वर राहिली.

“पोचत नाय,” ती मला म्हणाली. “बघा नीट.”

मी पाहिलं. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी हिच्या कडेवर—”

“ह्यो माझ्या कडेवर हाय,” ती म्हणाली. “माझ्याच ऱ्हाईल. पोचल तवा मी हिला आनीन. तवा तुमी हित असलात तर खरं साल लिवा.”

तिने हात रजिस्टरावरून काढला. मुलीला फळ्यासमोरून हलवायला तिला दोनदा ओढावं लागलं. पोरगी मागे वळून वळून बघत होती, आणि दोघी रस्त्याला लागेपर्यंत मी उघडं पेन धरून बसले होते.